व्याह्याने धाडली बकरी

माझी घोडी मला बघून नाचायची. हे मी कुणालाही सांगायचे. बॅन्डवाल्यांना, शाळेतल्या बाईंना, रेशनच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. घोडपदेवला आमच्या चाळीमागे पत्र्याचा तबेला आहे. तबेला म्हणजे काय, एका घोडीपुरती खोली. सकाळी तिच्या भिजवलेल्या हरभऱ्याची बादली घेऊन मी वळणावर आले की माझ्या चपलांचा आवाज तिला कळायचा आणि ती सुरू. पुढचा डावा पाय, उजवा पाय, परत डावा, परत उजवा, आणि त्याच तालावर मान इकडून तिकडे. गल्लीतली पोरं टाळ्या वाजवायची. तिच्या पुढच्या पायांखाली कोब्याला दोन खड्डे पडले होते, वाटीएवढे. ते मी लोकांना वाकून दाखवायचे. बघा, नाचून नाचून पाडलेत.

तिचं नाव मी इथे सांगणार नाही. ते माझ्याकडेच राहू दे, एवढं एक तरी.

घोडी बाबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. बाबांच्या गावाला आमच्यातला नवरदेव घोड्यावर बसून निघाला तर दगड यायचे. बाबा मुंबईत गिरणीत लागले, गिरणी बंद पडली, आणि मग त्यांनी काय करावं, तर वरातीची घोडी पाळली. घोडीच आपल्या दारात असली तर कोण अडवतो, असं म्हणायचे. पुढच्या पायांना एक दोर, मागच्यांना एक दोर, तोंड भिंतीकडे, दोन वेळा हरभऱ्याची चंदी, एक वेळ खरारा. त्यांना ज्याने शिकवलं त्याने असंच शिकवलं होतं, आणि त्यांनी मला तसंच शिकवलं. ही त्यांची शेवटची घोडी. ते गेले तेव्हा लोक म्हणाले विकून टाक. नवरा तर मुलगा पाचवीत असतानाच गेला होता. मी महापालिकेच्या शाळेत शिपाई. शाळेत घंटा द्यायची, घरी स्वयंपाक करायचा आणि वरातीत लगाम धरून चालायचं. बाई माणूस घोडी धरून चालतेय म्हणून लोक नवरदेवाऐवजी माझे फोटो काढायचे. काढू देत. मुलगा मोठा झाला, त्याचा त्याचा झाला. दिवसातून दोन वेळा मला बघून आनंदाने नाचणारं जगात दुसरं कुणी नव्हतं, हे मी खरं तेच सांगते आहे.

आणखी एका गोष्टीचा मला तोरा होता. ती कधी बसायची नाही. आठ वर्षांत मी तिला एकदाही जमिनीवर पाहिलं नव्हतं. मी सगळ्यांना सांगायचे, माझ्या घोडीला आळस म्हणजे काय ते ठाऊक नाही.

मग मुलाचं लग्न ठरलं. लोअर परळला तो ज्या इमारतीत कामाला आहे तिथेच एक मुलगी दाताच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. मुलगी माथेरानची. तिच्या वडिलांची चार घोडी, पर्यटकांना फिरवायची. मी म्हटलं, वा, व्याही घोडेवाले, आपली घोडी बघून खूश होतील. लग्नात मुलाला माझ्याच घोडीवर बसवलं. बॅन्ड वाजत होता, घोडी पाय नाचवत होती, मी नवं लुगडं नेसून लगाम धरला होता. हॉलच्या दारात नवरी उभी होती. तर ही पोरगी नवऱ्याकडे बघायचं सोडून घोडीच्या कानांकडे बघत होती. कान मागे पडले होते. मला वाटलं, भारावून गेलीय.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर तबेल्यात आली. मी मुद्दाम चपला जरा जोरात वाजवल्या. घोडी नाचायला लागली. मी सुनेकडे बघितलं, आता म्हणेल काहीतरी. ती लांबच उभी राहिली. जवळ गेली नाही, हात लावला नाही. भिंत बघितली, दोर बघितले, ते खड्डे बघितले. मग विचारलं, ही बसते का कधी? मी छाती काढून म्हटलं, कधीच नाही.

ती म्हणाली, "आई, ही नाचत नाहीये. हिला करमत नाहीये."

मग तिने समजावून सांगितलं, तेही हळू आवाजात, त्याचाच मला जास्त राग आला. त्यांच्याकडे एका घोड्याचा पाय दुखावला होता, त्याला अख्खा पावसाळा एकटं बांधून ठेवावं लागलं, तर तोही असाच डुलायला लागला. घोड्याचं पोट लहान, त्याला दिवसभर थोडं थोडं चरायला लागतं. दोन वेळा बादली दिली तर मधल्या वेळात त्याने भिंतीकडे बघून करायचं काय? आणि घोडा कळपातलं जनावर. एकटा असला की प्रत्येक आवाज त्यालाच ऐकायचा असतो. राखण करायला कुणी नसलं तर तो अंग टाकून झोपणार कसा? उभ्याने डुलकी काढतो, पण ती झोप नव्हे.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हातावरची मेंदी उतरली नाही अजून आणि ही मला शिकवते! मी म्हटलं, ही घोडपदेवची घोडी आहे, माथेरानची नाही. आणि तिला चहा टाकायला घरी पाठवून दिलं.

तिला बोलायला निमित्त मिळायला नको होतं, पण मिळालं. महिन्याभराने एका सकाळी घोडी पुढच्या पायाने जमीन खरवडायला लागली, मान वळवून सारखी कुशीकडे बघायला लागली. मी म्हटलं, आज रंगात आलीय. सून म्हणाली, पोटात दुखतंय तिच्या. मी म्हटलं, तुला काय कळतं. तिने मला न विचारता डॉक्टरला फोन लावला. जनावरांचे डॉक्टर आले, पोटाला कान लावला, नाकातून नळी घातली, दुपारपर्यंत घोडी वाचली. आणि मग त्यांनी मला विचारलं, कोरडं गवत किती देता, मोकळी किती वेळ सोडता, सोबतीला कोण आहे? सुनेने जे सांगितलं होतं तेच, फक्त मध्ये मध्ये इंग्रजी घालून. मुलगा तिथेच उभा होता. त्या दिवसापासून तो म्हणायला लागला, आई, ती सांगते तसं कर. जन्मभर मी सांगितलं तसं केलेला मुलगा.

मग काय, सूनबाईंचं राज्य. दोन्ही दोर सोडले. दाराला दोन आडवे बांबू, आत घोडी मोकळी. तोंड भिंतीकडे नको म्हणून पत्रा कापून गल्लीच्या बाजूला खिडकी केली. आमच्या बाजारात बसणाऱ्या कोळणीकडून मासेमारीचं जुनं जाळं मागून आणलं, तीन वेळा धुतलं तरी त्याला बोंबलाचा वास येत होता. त्यात सुकं गवत ठासून टांगून ठेवायचं, म्हणजे घोडी एकेक काडी ओढत बसते, दिवस जातो. वरातीला कानात कापूस, आणि बॅन्ड वीस पावलं पुढे. बॅन्डवाला मला म्हणाला, मावशी, घोडीची लाडाची लेक झाली का? मी म्हटलं, मला काय विचारतोस, मालकीणबाईंना विचार.

राहिली सोबत. दुसरी घोडी ठेवायला जागा कुठे? घोड्याला घोडंच लागतं खरं तर, असं सून म्हणाली, पण निदान कुणीतरी असू दे. आठ दिवसांनी व्याह्यांकडून टेम्पोतून बकरी आली. काळी, एक कान पांढरा, आणि तोंड असं की जणू हिच्या बापाचाच तबेला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात. आमच्याकडे घोडं आधीच होतं, म्हणून व्याह्याने बकरी धाडली.

पहिल्या दिवशी घोडीने कान पाडले, शेपटी झटकली, मागचा पाय उचलून दाखवला. माझा जीव सुखावला. म्हटलं, शाबास, हाकल तिला. तिसऱ्या दिवशी बकरी जाळ्याखाली सांडलेलं गवत खात होती आणि घोडी वरचं. पंधराव्या दिवशी घोडी दातांनी बकरीची पाठ खाजवत होती. माझी पाठ तिने कधी खाजवली नाही.

आणि नाच थांबला. एकदम नाही. आधी दुपारचा गेला, मग संध्याकाळचा. शेवटी एका सकाळी मी बादली घेऊन वळणावर आले, चपला आपटल्या, परत आपटल्या. आत शांत. जाऊन बघते तर घोडी एक मागचा पाय सैल सोडून, खालचा ओठ लोंबता ठेवून उभी. माझ्याकडे एक कान वळवला. एकच. मग परत गवतात तोंड.

कुणाला सांगू? घोडी बरी आहे, तुकतुकीत झालीय, खाते, मग तुला काय झालं रडायला, असंच कुणीही म्हणालं असतं. मला जळायला झालं होतं, दुसरं काही नाही. सुनेवर जळत होते, आणि लाज वाटते सांगायला, त्या बकरीवरही. सून तबेल्यात गेली की काही न करता नुसती उभी राहायची. घोडीच आपण होऊन यायची. मग सून मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे, बोटांनी खाजवायची आणि घोडीचा वरचा ओठ लांब होऊन थरथरायचा. आठ वर्षं मी त्या मानेवर प्रेमाने चापट्या मारत आले. तिने त्या सहन केल्या. ओठ कधी थरथरला नाही.

मी काय काय केलं ते सांगून टाकते. सून तबेल्याकडे निघाली की मला भांडी आठवायची. शेजारणीला मी सांगितलं, ही पोरगी घोडीला काहीतरी खायला घालते, नाहीतर जनावर इतकं कसं वळेल? आणि खायला घालत होते मीच. पदराखाली गुळाचा खडा लपवून न्यायचे. घोडी गूळ खायची, माझा हात चाटून पुसून साफ करायची आणि परत आपल्या जाळ्याकडे. दुसऱ्या दिवशी बकरीने माझा पदरच चघळला.

पुढच्या वर्षी सुनेला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती माहेरी निघाली. जाताना तबेल्याच्या भिंतीवर कागद चिकटवून गेली, काय, कधी, किती. मुलगा आठवडाभर ड्युटीवर आणि शनिवार-रविवार सासुरवाडीला. तबेला परत माझा. तो कागद मी काढला आणि मसाल्याच्या डब्याखाली अंथरला.

त्याच संध्याकाळी मी बकरीला चाळीत आणून आमच्या दारासमोर गॅलरीत बांधलं. शेजारी ओरडले, मी त्यांच्यावर ओरडले. जाळं खाली उतरवलं. खिडकीवर पत्रा टेकवला. आणि बाबांचे दोर काढून परत बांधले, पुढचा एक, मागचा एक. घोडीने निमूटपणे पाय दिले. मी तिला म्हटलं, आता आपण दोघीच. वाईट काही करतेय असं मला वाटत नव्हतं. बाबांनी सांगितलं तसंच तर करत होते.

पहिले दोन दिवस ती बकरीसाठी हाका मारत राहिली. तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. पाचव्या दिवशी सकाळी मी वळणावर आले आणि आतून टापा ऐकू आल्या. डावा, उजवा, डावा, उजवा. माझ्या हातातली बादली हिंदकळली. मी धावत गेले. नाचत होती! मी बादली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, एकटीनेच, डोळ्यांतून पाणी. म्हटलं, आली ग बाई माझी परत.

दोन-तीन दिवस मी राणी होते. मग एका दुपारी चष्मा तबेल्यात विसरला म्हणून परत गेले. पायात चपला नव्हत्या, एकीचा अंगठा तुटला होता म्हणून हातात घेतल्या होत्या. दाराने न जाता गल्लीच्या बाजूने गेले. खिडकीवरचा पत्रा जरा सरकला होता, त्या फटीतून आत बघितलं.

घोडी नाचत होती.

मी आले हे तिला ठाऊक नव्हतं. बादलीची वेळ नव्हती. चपला माझ्या हातात होत्या. समोर नुसती भिंत. डावा, उजवा, डावा, उजवा, पाय बरोबर त्या दोन खड्ड्यांत. छातीवर घामाचा फेस आला होता. डोळे उघडे होते, पण बघत कुठेच नव्हते. मी नावाने हाक मारली, ते फक्त मला ठाऊक असलेलं नाव. कान हलला नाही. मी परत हाक मारली. पाय थांबले नाहीत. किती वेळ उभी होते ठाऊक नाही. आठ वर्षं मी घरी गेल्यावर, शाळेत घंटा देत असताना, बाजारात तिचं कौतुक सांगत असताना ती हेच करत होती. माझ्यासाठी नव्हतंच ते. मी फक्त अधूनमधून येऊन टाळ्या वाजवत होते.

चष्मा तिथेच राहिला. घरी येऊन मी सुनेला फोन लावला. जाळं कसं बांधायचं, गाठ सुटते, असं विचारायचं मनात ठरवलं होतं. बाकी काही कळू द्यायचं नव्हतं. तिने फोन उचलला, तब्येत सांगितली, माझी विचारली. मी गाठीचं विचारणार तेवढ्यात गॅलरीतून बकरी ओरडली. चांगली लांब, खणखणीत. बकरी परत ओरडली. चाळीतल्या गॅलरीत बकरी कशाला असेल, हे माथेरानच्या पोरीला सांगावं लागत नाही.

मला वाटलं आता ही मुलाला सांगणार, बापाला सांगणार. माझ्याकडून सगळं काढून घेणार. आणि घेतलं तर बोलायला मला तोंड नव्हतं.

ती म्हणाली, "आई, तिला आजच परत नेऊन सोडा. आणि तुम्ही पण बसा तिथं. काही करू नका, नुसतं बसा."

एवढंच. कुणाला काही सांगितलं नाही तिने, अजूनही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

बकरीला घेऊन गेले. दोर सोडले, ते घरी न आणता भंगारवाल्याला दिले. देताना बाबांची माफी मागितली. मसाल्याच्या डब्याखालचा कागद काढून, हळद पुसून, परत भिंतीवर लावला. जाळं भरलं. आणि दुपारी शाळेतून आले की एक जुना पाट टाकून तबेल्यात बसायला लागले. लसूण सोलायचे, नाहीतर नुसती बसायचे. मला नुसतं बसायची सवय नाही. हात शिवशिवायचे, चापट मारावी, बोलावं, बोलवावं. नाच लगेच गेला नाही. डॉक्टर म्हणाले, जुनी सवय आहे, पूर्ण जाईलच असं नाही. अजूनही चंदीला उशीर झाला की चार-सहा वेळा पाय उचलते. आता कुणी टाळ्या वाजवल्या तर त्याला मी हाकलून लावते.

एके दिवशी पाटावर बसले असताना घोडी स्वतःहून आली आणि माझ्या डोक्याचा वास घेतला. मी हात वर नेला आणि मानेच्या बुडाशी खाजवलं, हळू, सून खाजवायची तसं. ओठ थरथरला. जरासाच, पण थरथरला.

मग आणखी काही दिवसांनी, भर दुपारी, बकरी कोपऱ्यात रवंथ करत होती, मी लसूण सोलत होते. घोडी जमीन हुंगत गोल फिरली. मला वाटलं, परत पोटात दुखतंय. मी उठणार होते. तिने पुढचे पाय गुडघ्यात मुडपले आणि धप्पकन खाली बसली. थोडा वेळ तशीच बसली, माझ्याकडे बघितलं, बकरीकडे बघितलं. मग कुशीवर आडवी झाली, मान पसरली, डोळे मिटले आणि घोरायला लागली. खरोखर घोरायला लागली. पाय झोपेत हलत होते, कुठेतरी पळत असावी. मी पाटावर तशीच, एका हातात सोललेला लसूण, एका हातात न सोललेला. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. राखण करत होते.

तेवढ्यात फोन थरथरला. सून. मी उचलला आणि तोंडावर पदर धरला.

"हळू बोल," मी म्हटलं. "झोपलीय."

"कोण?"

"आपली," मी म्हटलं. "आडवी होऊन."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिने तिचं सांगायला सुरुवात केली, डॉक्टरांनी काय तारीख दिली, पाय किती सुजलेत. मी हं हं करत ऐकत होते. आणि मनात, काय करू, स्वभाव आहे, मनात एकच चाललं होतं. ती पहिल्यांदा झोपली तेव्हा तिथे मी होते. तू नव्हतीस.